पुदिनावाल्या हॉटेलातला भोपळा

"मामा, आज बाहेरच जेवू या. समुद्रावर, चांगल्या हॉटेलात."

हे वाक्य उमेशच्या तोंडून निघालं आणि सगळ्यात मोठा धक्का उमेशलाच बसला. डहाणू रोडला भाड्याच्या खोलीत संसार मांडून त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत त्याने बायकोला बाहेर नेऊन काही खाऊ घातलं असेल तर स्टेशनबाहेरचा एक वडापाव, तोही निम्मा. आता समोर खाटेवर सासरे लाहू, जमिनीवर पाय पसरून सासू हिरी, आणि मोरीत चहाचे कप विसळता विसळता थांबलेली दक्षा, अशी तिघंही त्याच्याकडे बघत राहिली.

पण इलाज नव्हता. लाहू नुकताच म्हणाला होता, "चहा झाला. आता जरा आशागडला जाऊन येऊ, चिमणकडं. तारपा कुठवर आला ते बघू."

लाहूला कुठेही न्यायला उमेश तयार होता. सुरतेला न्या, नाशकाला न्या, रेल्वेच्या रुळावर बसवून गप्पा मारा. फक्त आशागडला चिमणकडे नको.

याचं कारण एक भोपळा होता. पण भोपळ्याआधी उमेशची एक अडचण सांगायला हवी. त्याला 'नाही' म्हणता येत नसे. समोरच्याने काही विचारलं की त्याच्या मानेला आधी हालायची सवय होती, डोकं मागून पोचायचं. शाळेतल्या बाई विचारत, "कळलं ना?" हा मान हलवायचा. असं आठवीपर्यंत चाललं, मग गणितानेच त्याला सोडलं. पुढे तो भाजीच्या एका शेठकडे लागला. शेठचा तीनचाकी टेम्पो चालवायचा, सकाळी भाजी भरायची आणि समुद्रकाठच्या हॉटेलांना पोचवायची. पगार बरा होता आणि बोलावं फारसं लागत नसे. कोबी स्वतःच स्वतःबद्दल सांगतो.

मे महिन्यात तो दक्षाला आणायला तलासरीकडच्या त्यांच्या पाड्यावर गेला होता. निघताना लाहूने त्याच्या हातात एक सुकवलेला दुधी भोपळा दिला. लाहू पाड्यावरचा तारपा वाजवणारा. त्याच्या जुन्या तारप्याचा भोपळा तडकला होता, सूर एकीकडून जायचा आणि हवा दुसरीकडून. नव्या तारप्यासाठी त्याने हा भोपळा वेलावर असल्यापासून सांभाळला होता. मान नीट वाकावी म्हणून तिला हिरीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. भोपळा सुकला तरी त्या चिंधीचा वळ मानेवर राहिला होता.

"आशागडला चिमणला दे," लाहू म्हणाला होता. "तो तारपा करील. आणि वाटेत कुणाला देऊ नको."

उमेशला हसू आलं होतं. सुका भोपळा वाटेत कोण मागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी टाकून तसंच आशागडला जायचं म्हणून त्याने भोपळा टेम्पोत आपल्या शेजारी ठेवला, पडू नये म्हणून दोरीने बांधला. शेवटचं हॉटेल राहिलं होतं. त्या हॉटेलाचे मॅनेजर नविनभाई एरवी मागच्या गेटला फिरकत नसत, नेमके त्या दिवशी फिरकले.

"अरे वा. हे काय आहे?"

"ते... भोपळा," उमेश म्हणाला.

"काय शेप आहे. याचा दिवा बनेल, लटकवायला. असंच काहीतरी लोकल पाहिजे होतं मला." नविनभाईंनी दोरी सोडलीसुद्धा. "घेऊ ना?"

"ते मामांचं..."

"मामांना माझं थँक्यू सांग. घेऊ ना?"

उमेशची मान हलली. भोपळा आत गेला आणि बदल्यात बाहेर एक कोल्ड कॉफी आली, वर आइसक्रीम घातलेली. उमेशने ती मागच्या पायरीवर बसून प्यायली. पुढे कितीतरी दिवस त्याला भोपळ्यापेक्षा त्या कॉफीचं वाईट वाटायचं. कारण कॉफी त्याला आवडली होती.

संध्याकाळी लाहूचा फोन आला. "दिलास काय?"

"दिला," उमेश म्हणाला. (कुणाला, ते लाहूने विचारलं नव्हतं.)

तेव्हापासून पाच महिने तो परत मागायचं ठरवत होता. रोज सकाळी मागच्या गेटला टेम्पो लावायचा, पुदिन्याच्या जुड्या मोजून द्यायच्या, तोंड उघडायचं आणि म्हणायचं, "उद्या किती आणू?" आता शेतात भात पिवळं पडलं होतं. भात घरी यायला लागलं की पाड्यावर तारपा वाजतो आणि दिवाळीपर्यंत नाच चालतो. तारपाच नसेल तर नाच कसला? आणि नाच का नाही, हे सगळा पाडा विचारणार. त्याहून वाईट म्हणजे बायका गाणं करणार. नाचातल्या गाण्यात बायका ज्याचं त्याचं नाव घालतात. ज्याने उधार कोंबडी नेली तो, जो ताडावरून अर्ध्यातून उतरला तो. आणि गाण्यात गेलेलं नाव निघत नाही. लाहूच्या चुलत्याचं नाव चाळीस वर्षं गाण्यात आहे. तो माणूस वारला, गाणं अजून आहे.

म्हणून उमेशने सासऱ्याला जेवायला बाहेर काढलं. एक संध्याकाळ निभावली की सकाळच्या गाडीने दोघं परत जाणार होती.

"हॉटेलात?" लाहू म्हणाला. त्याने हिरीकडे पाहिलं, हिरीने दक्षाकडे, दक्षाने हातातल्या कपाकडे. "जाऊ की. चिमण काय पळून जात नाय."

"मी साडी बदलते," दक्षा म्हणाली. ती इतक्या लगेच कबूल झाली याचं उमेशला जरा नवल वाटलं.

निघताना लाहूने कोपऱ्यातलं आपलं गाठोडं उचललं. चांगलं दोन हात लांब, चादरीत गुंडाळलेलं, मध्ये फुगीर. आल्यापासून लाहू त्याला कुणाला हात लावू देत नव्हता. उमेशने मनातल्या मनात ताडलं, हा जुना तडकलेला तारपा असणार, चिमणला मापाला दाखवायला आणलेला.

"हे राहू दे ना मामा घरी."

"नको. बरोबर असू दे."

टेम्पोत पुढे एकाचीच जागा. तिथे दक्षा बसली. मागे रिकाम्या क्रेटवर पोतं टाकून लाहू आणि हिरी बसले आणि लाहूच्या मांडीवर गाठोडं. टेम्पोवर मागे शेठने रंगवून घेतलं होतं, 'ताजी भाजी, रोजच्या रोज.'

आता प्रश्न असा होता की जायचं कुठे. समुद्रकाठच्या एकूण एक हॉटेलात उमेशची जा-ये होती, पण ती मागून. कुठल्याही हॉटेलाचं पुढचं दार त्याने पाहिलं नव्हतं. हॉटेलांची नावंही त्याला धड ठाऊक नव्हती. ती तो मालावरून ओळखायचा. एक ब्रोकोलीवालं, एक मशरूमवालं, एक सोललेला लसूण मागणारं. आणि एक रोज पन्नास जुड्या पुदिना घेणारं. भोपळा त्या पुदिनावाल्यात लटकत होता. म्हणजे पुदिनावालं सोडून कुठेही.

"पुदिनावाल्यात जाऊ ना," दक्षा म्हणाली.

उमेशचा टेम्पो रस्त्याच्या कडेला गेला आणि परत आला. "तिथे कशाला?"

"तूच सांगतोस ना, मॅनेजर तुला नावाने ओळखतो म्हणून."

"ओळखतो म्हणूनच नको. पैसे घेणार नाही तो. बरं दिसत नाही." असलं खोटं उमेशला एवढ्या झटक्यात कसं सुचलं ते त्यालाही कळलं नाही. भीतीने माणूस हुशार होतो, थोडाच वेळ.

तो ब्रोकोलीवाल्याकडे वळला. पुढच्या फाटकावर वॉचमनने टेम्पो पाहिला आणि हातातल्या काठीने दाखवलं, "माल मागे." उमेशची मान हलली. टेम्पो मागे गेला. मागच्या दाराने स्वयंपाकघरातला माणूस हात पुसत बाहेर आला.

"आज संध्याकाळी पण? बरं झालं, कोथिंबीर संपलीय." त्याने मागचं फळकूट खाली पाडलं आणि आत क्रेटवर बसलेल्या हिरीकडे बघत उभा राहिला.

"कोथिंबीर नाय," हिरी म्हणाली. "आम्ही जेवायला आलोय."

पुढून येईपर्यंत दहा मिनिटं गेली. दाराशी पाटी होती. दक्षाने वाचून दाखवली, "शुद्ध शाकाहारी."

लाहूने पाटीकडे पाहिलं. मग वळून समुद्राकडे पाहिलं. परत पाटीकडे पाहिलं. "एवढा समुद्र समोर ठेवून पनीर खातात?"

"चव चांगली असते मामा."

"असंल. पण मला तो मासा दिसत राहील ना तिकडं."

मशरूमवाल्याचं नाव निघताच दक्षा म्हणाली, "तिथे मागच्या सोमवारचा कोबी अजून चाललाय असं तूच परवा सांगत होतास." आता स्वतः सांगितलेलं कसं नाकारणार? लसूणवाल्याकडे लग्नाची पार्टी होती. फाटकावर वॉचमनने विचारलं, "नवरीकडून की नवऱ्याकडून?" उमेशची मान दोन्हीला हलली, तेव्हा वॉचमनने टेम्पो परत पाठवला.

मग उमेशने शेवटचा पत्ता काढला. "मामा, अच्छाडला नाक्यावर ढाबा आहे. हायवेला. तिथलं चिकन..."

"अच्छाड माझ्या घराशेजारी," मागून लाहूचा आवाज आला. "तिथं जेवायचं तर मी डहाणूला कशाला आलो? हिरे, तुला भूक लागली काय?"

"मघाचीच," हिरी म्हणाली.

"पुदिनावालं उरलं," दक्षा समोर बघत म्हणाली.

सूर्य पाण्याला टेकला होता. उमेशने टेम्पो पुदिनावाल्याच्या पुढच्या फाटकातून आत घेतला. वॉचमनने काठी उचलली, "माल मा..." तेवढ्यात आतून नविनभाई स्वतः आले.

"अरे उमेश, तू पुढून? आणि फॅमिली? आव आव. आज तू गेस्ट."

ओळख होती हे खरं निघालं. दक्षाने नवऱ्याकडे जरा कौतुकानेच पाहिलं. दुसरा कुठलाही दिवस असता तर उमेश त्या नजरेवर महिनाभर जगला असता. पण तो तेव्हा छताकडे बघत होता. बघायला नको होतं. समुद्राकडच्या बाजूला, बरोबर मधल्या टेबलावर, भोपळा लटकत होता. मान वाकडी, मानेवर चिंधीचा वळ. अंगभर बारीक भोकं पाडून वारली चित्रातली माणसं काढलेली. आत बल्ब. भोपळा झगमगत होता आणि टेबलावर, खुर्च्यांवर, भिंतीवर ठिपक्यांची माणसं फेर धरून नाचत होती.

"बेस्ट टेबल तुझ्यासाठी," नविनभाई म्हणाले आणि त्याच टेबलाकडे चालू लागले. "हा दिवा ओळखलास ना? हा तर..."

"बाहेर बसू," उमेश मध्येच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाचं बोलणं तोडलं होतं. "वाळूवर. मोकळं."

"डास आहेत," दक्षा म्हणाली आणि भोपळ्याखालची खुर्ची ओढून बसली.

वेटर लाहूच्या हातातलं गाठोडं घ्यायला पुढे झाला. "सर, हे काउंटरला ठेवतो."

"नको. याला खुर्ची दे."

गाठोड्याला खुर्ची मिळाली. वेटर नवा होता. त्याने पाच ताटल्या मांडल्या, एक गाठोड्यापुढे.

उमेश नविनभाईंच्या मागे धावला आणि कोपऱ्यात गाठून म्हणाला, "एक मेहेरबानी करा. तो दिवा बंद करा. मामांच्या डोळ्यांना चालत नाही. आणि भोपळ्याचं काही बोलू नका. मामांना... भोपळ्याचं वाईट वाटतं."

"भोपळ्याचं?"

"हो. लहानपणापासून."

नविनभाई चांगले गृहस्थ होते. त्यांनी काही न विचारता दिवा बंद केला आणि टेबलावर एक मेणबत्ती पाठवली. उमेशच्या जिवात जीव आला. अंधारात छत दिसत नव्हतं. सासरेही धड दिसत नव्हते. आता भरभर जेवायचं आणि उठायचं.

"काय मागवू मामा? साधी डाळ-खिचडी इथे चांगली असते. लवकर येते."

"पापलेट आहे काय?" लाहूने वेटरला विचारलं.

"आहे. लहान, मोठं."

"मोठं. दोन. एक भरलेलं, एक तळलेलं. कोळंबी पण आण. आणि भात." लाहू खुर्चीत मागे रेलला. "जावई खाऊ घालतो तवा लहान मागवलं तर त्याला वाईट वाटतं. काय जावय?"

उमेशची मान हलली.

"चिमण एवढ्यात जेवत असंल," लाहू जरा वेळाने म्हणाला. "भोपळा बघून काय म्हणाला रे तो, तू दिलास तवा?"

"चांगला आहे म्हणाला."

"एवढंच?"

"शेप चांगला आहे म्हणाला."

"शेप," लाहूने मान डोलावली. "चिमण इंग्रजी शिकला म्हणायचं."

दक्षाला ठसका लागला. हिरीने तिच्या पाठीवर थोपटलं आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावला. उमेशला वाटलं, आतल्या फोडणीची मिरची.

मासे आले. ताटात आडवं मावत नाही एवढं पापलेट. उमेशने भराभर घास घ्यायला सुरुवात केली. लाहूने एक घास घेतला, थांबला, तोंडात बोट घालून काहीतरी काढलं आणि वेटरला हाक मारली.

"भाऊ, काटा दिसत नाय. वरचा दिवा लाव."

"नको," उमेश म्हणाला, पण एवढ्या हळू की मेणबत्तीनेसुद्धा ऐकलं नसेल. "मी काढून देतो मामा काटे. सगळे काढतो."

"मी काय बाळ आहे?"

वेटरने बटण दाबलं.

लाहूच्या ताटातल्या पांढऱ्या भातावर ठिपक्यांची सात-आठ माणसं हातात हात घालून उभी राहिली. लाहूने भाताकडे पाहिलं. बोटाने एक माणूस पुसून बघितला. तो पुसला गेला नाही. मग त्याने सावकाश मान वर केली आणि बराच वेळ वर बघत राहिला. हिरीही बघू लागली. दक्षाही.

उमेश मात्र मान खाली घालून, पापलेटाच्या डोळ्यात बघत, बोलायला लागला. आणि एकदा लागल्यावर थांबेना. भोपळा सीटवर कसा ठेवला, दोरी कशी बांधली, नविनभाई कसे आले, घेऊ ना म्हणाले, पाच महिने परत कसा मागायचा होता, रोज पुदिनाच कसा तोंडातून आला, सगळं सांगितलं. "आणि मी कोल्ड कॉफी पण प्यालो," तो शेवटी म्हणाला. "वर आइसक्रीम होतं. मामा, आता पाड्यावर नाच नाही होणार माझ्यामुळे. काय ते बोला मला."

लाहूने हात धुतले, पंच्याला पुसले. मग शेजारच्या खुर्चीवरचं गाठोडं मांडीवर घेतलं, गाठ सोडली आणि चादर बाजूला केली.

आत नवा कोरा तारपा होता. पिवळाधमक भोपळा, त्यावर मेणाचे ताजे सांधे, ताडाच्या पानांचं लांब तोंड अजून हिरवट.

उमेशने वर पाहिलं. भोपळा वर होता. खाली पाहिलं. भोपळा खाली होता.

"आशागडवरूनच तर आलो आम्ही," लाहू म्हणाला. "वाटेवरच आहे. सकाळीच चिमणकडून घेतला."

"मग तो?"

"तो किडका होता. दोन भोपळे धरले होते वेलाला. चांगला मीच नेऊन दिला चिमणला, एसटीनं, मांडीवर घेऊन. किडका तुला दिला. म्हटलं बघू, जावई पोचवतो काय. पोचवला असतास तर पुढच्या वर्षी चांगला दिला असता."

"मामी, तुम्हाला..."

"माझ्यासमोरच ठरलं," हिरी म्हणाली.

उमेश दक्षाकडे वळला. दक्षा पापलेटाचा काटा फार काळजीने काढत होती.

"संगीता इथे खोल्या झाडते ना, माझी आतेबहीण," ती म्हणाली. "तिने फोटो पाठवला होता. जून महिन्यात."

"जूनपासून तुला माहीत आहे? मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. मग पावसाळा गेला. मग बाबा म्हणाले, लावलेला कसा दिसतो ते एकदा बघायला पाहिजे."

"बरा दिसतो," लाहू वर बघत म्हणाला. "किड्यानं पाडलेली भोकं तेवढी ह्यांच्यापेक्षा बारीक होती."

म्हणजे संध्याकाळभर घाम गाळून उमेश ज्यांना एका हॉटेलापासून लांब नेत होता, ती तिघं त्याला त्याच हॉटेलाकडे हाकत आणत होती. आणि तो समजत होता की टेम्पो आपण चालवतोय.

तारपा पाहून नविनभाई धावत आले. थोडंसं वाजवा ना, गेस्ट खूश होतील. लाहूने आढेवेढे घेतले नाहीत. पोट भरलेलं होतं. तो बाहेर वाळूवर जाऊन उभा राहिला, गाल फुगवले, आणि तो जाडा, घोगरा सूर लाटांवरून गेला तसे खोल्यांतले लोक टॉवेल गुंडाळून गॅलरीत आले. हिरी आणि दक्षाने कमरेत हात घालून चार पावलं टाकली. मुंबईच्या दोन बाया चपला काढून त्यांना जाऊन मिळाल्या.

सूर थांबल्यावर नविनभाई म्हणाले, "काका, हा पण द्या ना मला. भिंतीवर लावतो. मस्त दिसेल."

"नाही," लाहू म्हणाला.

बस, एवढंच. नविनभाई म्हणाले, बरं. आभाळ कोसळलं नाही, कुणी रागावलं नाही.

"बघितलंस?" लाहू उमेशला म्हणाला. "जीभ वर लावायची आणि सोडायची. फुकट असतं."

उमेशने ठरवलं, आजपासून. परत येऊन टेबलाशी बसतोय तोच वेटर आला. "सर, शेवटी आइसक्रीम आणू?"

सगळे उमेशकडे बघायला लागले. त्याने श्वास घेतला. जीभ वर लावली. "ना..." तो म्हणाला. वेटर थांबला. दक्षाने टेबलाखाली त्याचा हात धरला. "ना... नारळाचं आहे काय?"

चार आइसक्रीम आली. गाठोड्याचं धरून पाच. बिल आलं तेव्हा त्यावर तळाशी नवाच आलेला जीएसटी होता. तो कशाचा, असं विचारायचं उमेशच्या मनात होतं. विचारलं नाही.

अर्धं पापलेट उरलं होतं, ते हिरीने बांधून मागितलं. सकाळी भाकरीबरोबर होईल. वेटरने चकचकीत डब्यात घालून पिशवी आणून दिली. उमेश हात पुढे करतोय तोच लाहू म्हणाला, "त्याच्याकडं नको. वाटेत कुणी मागितलं तर देऊन टाकील."

हिरीला मात्र जावयाची दया आली. "राहू दे वो. एवढंसं काम. ने रे बाबा, पुढं ठेव."

दक्षा या वेळी आईबाबांबरोबर मागे बसली, तारपा धरायला. उमेशने पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि दोरीने बांधली. टेम्पो फाटकाशी आला. वॉचमनने साखळी काढली. मघाशी माल मागे म्हणाला होता त्याचं त्याला वाईट वाटत असावं, कारण तो वाकून हसला आणि सीटकडे बघून म्हणाला, "वास भारी येतोय. काय आहे, मासे?"

मागे हिरीने गुणगुणायला सुरुवात केली होती.

"डहाणूचा जावई गं, भोपळा देऊन आला,
कापी पिऊन गार गार, हात हालवीत आला."

घरी पोचल्यावर दक्षा उतरून पुढे आली. सीटवर दोरी होती. दोरीला बांधलेलं काही नव्हतं.

"पिशवी?"

उमेश स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. "त्याची ड्यूटी सकाळपर्यंत आहे," तो म्हणाला. "डबा आणला नव्हता बिचाऱ्याने."

दक्षाने मागे वळून आईकडे पाहिलं. हिरीने क्षणभर विचार केला आणि सुरात म्हणाली, "पापलेट बांधून दिलं गं..."

गाण्याला दुसरं कडवं मिळालं.

त्या वर्षी पाड्यावर नाच झकास झाला. नवा तारपा असा घुमला की पलीकडच्या दोन पाड्यांवरची माणसं आली. गाणंही सगळ्यांना आवडलं, पोरांना तर एका दिवसात पाठ झालं. बायकांनी उमेशला मध्ये ओढलं आणि विचारलं, "नाचणार ना?"

आणि उमेश रात्र होईपर्यंत स्वतःच्याच गाण्यावर नाचला.